कृष्णेच्या पावसाची सरासरी काढून आता भागणार नाही

दरवर्षी पावसाळा संपत आला की आपल्याकडे एक वाद हमखास निघतो, पाऊस वाढलाय का कमी झालाय. सांगलीतला माणूस म्हणतो वाढलाय, २००५ चा पूर पाहिला, २०१९ पाहिला, २०२१ पाहिला, अजून काय पुरावा पाहिजे. जत नाहीतर आटपाडीचा माणूस म्हणतो कुठला वाढलाय, मृग कोरडा जातो, आर्द्रा कोरडी जाते, जे काय पडतं ते सप्टेंबरात एकदम, तेही काढणीला आलेल्या पिकावर. दोघं एकाच जिल्ह्यातले, एकाच कृष्णा खोऱ्यातले, आणि दोघंही खरं बोलतायत. पण सरकारी कागदावर या दोघांना एकत्र बसवून एक सरासरी काढली जाते, आणि पाणीवाटप, धरणं भरायच्या तारखा, पूररेषा, दुष्काळाची मदत हे सगळं त्या सरासरीवर नाहीतर तिच्याच सख्ख्या बहिणींवर उभं आहे. माझं म्हणणं सरळ आहे, ही पद्धत आता धोक्याची झालीये. खोऱ्यात वर्षाला किती पडला यापेक्षा किती दिवसांत पडला, कुठे पडला आणि मध्ये किती दिवस खंड पडला, याचा हिशेब मांडल्याशिवाय कृष्णेचं पाणी आपल्याला सांभाळता येणार नाही.

आधी हे खोरं किती विचित्र आहे ते बघा. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिमी पाऊस. तिथून घाट उतरून वाईत आलात की तो हजाराच्याही खाली येतो, आणि पुढे माण-खटावला पोचेपर्यंत पाचशेच्या आसपास राहतो, कधी तेवढाही नाही. हे सगळं शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत! हवामान खात्याचा रोजच्या पावसाचा जो चौकटींमधला डेटा आहे, १९०१ पासूनचा, फार मोलाचा आहे आणि कुणालाही मिळतो, पण त्याची एक चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण २५-२७ किलोमीटरची. तेवढ्या अंतरात घाटमाथा आणि पर्जन्यछायेचा प्रदेश दोन्ही येतात. मग त्या चौकटीवरून कुणी ट्रेंड काढला तर तो नक्की कुणाचा ट्रेंड, महाबळेश्वरचा का वाईचा? आणि अशा शेकडो चौकटी मिसळून अख्ख्या २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरच्या खोऱ्याची एक रेघ काढली की तिच्यातून जतच्या शेतकऱ्याला काय कळणार.

आता ट्रेंडचं. यात एक गोष्ट फार सोयीची होऊन बसलीये, सुरुवातीचं वर्ष निवडलं की हवं ते उत्तर काढता येतं. पन्नासच्या ओल्या दशकापासून मोजायला लागलात तर पाऊस घटलेला दिसतो, आणि २००२ ते २००४ च्या कोरड्या वर्षांपासून मोजलं तर वाढलेला. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० सालचा हवामान बदलाचा अहवाल सांगतो की १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस साधारण ६ टक्क्यांनी घटला आणि ठळक घट झालेल्या भागांत पश्चिम घाटही आहे. त्याच अहवालात हेही आहे की मध्य भारतात दिवसाला १५० मिमीच्या वर पाऊस पडण्याचे प्रसंग त्याच काळात साधारण ७५ टक्क्यांनी वाढले. म्हणजे एकूण घटला आणि मुसळधार वाढला, दोन्ही एकाच अहवालात, आणि दोन्हीत काहीही विरोध नाहीये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्येच हे दाखवून दिलं होतं: १९५१ ते २००० मध्ये मध्य भारतात अतिमुसळधार पावसाचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे कमी झाले, आणि एकाने दुसऱ्याची भरपाई केल्यामुळे सरासरी जवळजवळ जागच्या जागी राहिली. पुढे त्याच संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की मोठ्या भूभागावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढल्या, आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या वाढत्या चढउताराशी जोडला. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते, हे जुनं भौतिकशास्त्र आहे. मग ती जास्त वेळ धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते.

या सगळ्यात गेली ती झड. आठ-आठ दिवस बारीक लागून राहणारा पाऊस, जो जमीन मुरवून मुरवून घेते, विहिरीला पाझर फुटतो, आणि उघडीप मिळाली की वापसा येऊन कोळपणी करता येते. आपलं खोरं काळ्या बसाल्ट खडकाचं आहे, त्यात पाणी मुरायला वेळ लागतो, दोन तासांत ८० मिमी पडला तर तो ओढ्याने निघून जातो आणि जाताना बांध आणि वरची माती घेऊन जातो. वर्षभराचं जेवण चार दिवसांत पानात वाढलं तर पोट भरत नाही, उलट पोट बिघडतं, तसं जमिनीचं झालंय. पर्जन्यमापकाला मात्र ते सगळं जेवण दिसतं आणि तालुक्याच्या रकान्यात '१०२ टक्के' असा आकडा पडतो. १०२ टक्के पाऊस झालेल्या तालुक्यात दुबार पेरणी झालेली असते, फेब्रुवारीत टँकर लागलेला असतो, आणि तिथल्या माणसाने कितीही सांगितलं तरी कागद म्हणतो पाऊस चांगला झाला. याचा मला मनापासून राग येतो, कारण इथे कुणी मुद्दाम खोटं बोलत नाहीये, मोजमापच असं आहे की त्यात त्या माणसाचं नुकसान दिसूच शकत नाही.

भीमेवरच्या उजनी धरणाचं उदाहरण घ्या, भीमा म्हणजे कृष्णेचीच उपनदी. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. उजनी भरलीच नाही, राज्याने ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेलं, म्हणजे एरवी न वापरायच्या मृतसाठ्यातलंही निम्म्याच्या आसपास वापरून झालं. त्यानंतर दोनेक महिन्यांत, ऑगस्ट २०२४ च्या सुरुवातीला, तेच धरण भरून खाली भीमेत पाणी सोडायची वेळ आली. पुढच्या वर्षी तर मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबई-पुण्यात पोचला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भीमेला मिळणाऱ्या सीनेला असा पूर आला की माढा, करमाळा, मोहोळमधली गावंच्या गावं पाण्यात गेली. सीनाकाठ म्हणजे कायम दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा पट्टा. या तीन वर्षांची सरासरी काढून बघा, ती बऱ्यापैकी 'नॉर्मल' येईल. पण त्या तीन वर्षांत नॉर्मल असं एकही वर्ष नव्हतं.

आता धरणांकडे येऊ, कारण खरी पंचाईत तिथे आहे. कोयनेचा पाणलोट साधारण ८९२ चौरस किलोमीटरचा आणि साठवण १०५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). या पाणलोटावर सगळीकडे १०० मिमी पडला आणि तो सगळा वाहून आला असं धरलं तर साधारण ३ टीएमसी होतात. ५०० मिमी पडला तर पावणेसोळा, एका दिवसात. हे नुसतं गणित राहिलेलं नाही, २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पडला. त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली. पेपरात रोज कोयना, नवजा, महाबळेश्वर असे पावसाचे तीन आकडे येतात, ते आपण धरण किती भरलं हे कळायला वाचतो, पण त्या आठवड्यात ते आकडे म्हणजे धोक्याची घंटा होती. आणि लक्षात घ्या, तेव्हा कोयना भरलेली नव्हती, तरी सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५५ फुटांच्या आसपास गेलं, कारण धरणाच्या खालच्या मोकळ्या पाणलोटातही तसाच पाऊस कोसळत होता. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा पलूसच्या ब्रह्मनाळला बोट उलटली ते कुणीच विसरलेलं नाही.

लगेच कुणी म्हणेल मग ऑगस्टमध्ये धरणं रिकामी ठेवा. इतकं सोपं नाहीये ते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना, ज्यांच्यावर आटपाडी, कवठेमहांकाळ, जतची शेती टिकलीये, त्यांचं पाणी याच कोयना-वारणेतून येतं. सांगलीला वाचवायला ऑगस्टमध्ये २० टीएमसी जागा मोकळी ठेवली आणि सप्टेंबर कोरडा गेला तर एप्रिलमध्ये जत तहानलेलं राहणार. म्हणजे पूर आणि दुष्काळ या दोन वेगवेगळ्या खात्यांच्या फायली नाहीत, एकाच १०५ टीएमसीच्या दोन बाजू आहेत. धरणात कुठल्या तारखेला किती पाणी असावं याची परिचालन सूची असते, आणि ती मागच्या वर्षांच्या येव्यावरून, म्हणजे वाहून आलेल्या पाण्यावरून, बनते. हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सून यायच्या-जायच्या तारखा बदलल्या, मुंबईतून परत जायची सरासरी तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. मग प्रत्येक धरणाच्या सूचीतल्या तारखा त्याप्रमाणे पुन्हा तपासून लोकांसमोर मांडायला नकोत का? पाऊस उशिरापर्यंत राहणार असेल तर धरण १०० टक्के भरायची घाई ऑगस्टमध्ये करायची गरज कमी होते, थोडी जागा सप्टेंबरपर्यंत राखता येते, आणि आता चार-पाच दिवसांचे अंदाज वीस वर्षांपूर्वीपेक्षा खूप चांगले आहेत, त्यांच्यावर आधी पाणी सोडायचा अधिकार अभियंत्याला लेखी द्यायला पाहिजे. आज त्याने अंदाजावर विसर्ग वाढवला आणि पाऊस आला नाही तर पाणी वाया घालवल्याबद्दल त्यालाच जाब द्यावा लागतो. असं असताना कुठला अभियंता धाडस करेल.

कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाचा वाद यातच येतो. उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायची कर्नाटकची तयारी आणि सांगली-कोल्हापुरात त्याला विरोध. धरणाचं पाणी मागे तुंबून आपल्याकडचा पूर वाढेल ही फुगवट्याची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही, तिचा अभ्यास सगळ्यांसमोर व्हायला हवा. पण महाराष्ट्र सरकारने स्वतःच नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचं खापर आलमट्टीवर फोडलं नाही, पाऊस आणि पूरपट्ट्यातली अतिक्रमणं यांच्याकडे बोट दाखवलं, आणि त्या दुसऱ्या मुद्द्यावर एकही मोर्चा निघत नाही. नदीकाठची मळीची जमीन प्लॉट पाडून विकली जाते, ओढे बुजवले जातात, पूल असे बांधले जातात की त्यांचे भराव बंधाऱ्यासारखे पाणी अडवतात.

आणि पूररेषा? निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता, आणि ती काढतात मागच्या नोंदींवरून, उद्याची नदी कालच्यासारखीच वागेल असं धरून. सोळा वर्षांत तीनदा सांगली-कोल्हापूर बुडलं, तिन्ही पूर शंभर वर्षांचे होते असं माझं म्हणणं नाही, पण ज्या नदीने एवढं दाखवलं तिची रेषा जुन्याच नोंदींवर ठेवायची आणि तिच्याबाहेर दोन फुटांवर बांधकाम परवाना द्यायचा, हे लोकांच्या जिवाशी खेळणं आहे.

आता सगळ्यात मोठा आकडा, ज्याच्यावर तीन-चार राज्यांचं भांडण चालतं. राज्यांमधला पाण्याचा तंटा सोडवायला नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ मध्ये कृष्णेचं पाणी वाटलं ते २०६० टीएमसी धरून. हा आकडा आला १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या सिरीजमधून, ७५ टक्के विश्वासार्हतेने, म्हणजे चारपैकी तीन वर्षं निदान एवढं पाणी मिळेल असा. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. नंतर ब्रिजेश कुमार लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षांची सिरीज घेतली, ७५ टक्क्यांना २१७३, ६५ टक्क्यांना २२९३ आणि सरासरी २५७८ असे आकडे काढले आणि वाढीव पाणीसुद्धा वाटायला घेतलं. सिरीज बदलली तर आकडा बदलला, हे लवादांनीच दाखवून दिलं. पण दोन्ही वेळा गृहीत एकच होतं, की पुढची पन्नास वर्षं मागच्या पन्नास वर्षांसारखी असतील.

माझी खरी भीती त्या सरासरीबद्दल आहे. पूर वाढले की सरासरी येवा फुगतो. २००९ ला बघा, देशात मान्सून २२ टक्के तुटीचा, १९७२ नंतरचं सगळ्यात वाईट वर्ष, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला कर्नूल बुडालं, मंत्रालयम पाण्यात गेलं, आपल्याकडचे कितीतरी लोक राघवेंद्र स्वामींच्या दर्शनाला जातात त्यांना आठवत असेल. श्रीशैलम धरण १९ लाख क्युसेकच्या (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) पुरासाठी आखलेलं, आले २५ लाख. त्या चार दिवसांत समुद्रात गेलेलं पाणीही वर्षाच्या येव्याच्या बेरजेत बसतं. मग कुठलंही राज्य म्हणू शकतं, बघा खोऱ्यात पाणी वाढलंय, आम्हाला वाटा वाढवून द्या, आणि त्या कागदावरच्या पाण्यावर नवीन कालवे, नवीन ऊस, नवीन कारखाने उभे राहतात. पाणी तर आलेलं असतं चार दिवसांत, आणि उसाला ते लागतं बारा महिने.

पुराचं पाणी मराठवाड्याकडे वळवायच्या योजनेबद्दलही मला हेच वाटतं. दुष्काळी भागाला पाणी मिळालंच पाहिजे, २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं ही लाजेची गोष्ट होती. पण हिशेब करून बघा. एक लाख क्युसेक दिवसभर वाहिले की ८.६४ टीएमसी होतात. सांगलीजवळ मोठ्या पुरात दोन लाखांच्या वर प्रवाह जातो, म्हणजे दिवसाला १७ टीएमसीच्या पुढे. समजा आपण १० हजार क्युसेकचा बोगदा काढला, जो प्रचंडच म्हणावा लागेल, तर तो दिवसाला ०.८६ टीएमसी उचलणार. सांगलीचा पूर त्याने थोडाच उतरेल. मोठा पूर असतो आठ-दहा दिवस, म्हणजे वर्षाकाठी सात ते साडेआठ टीएमसी, तेही पूर आला त्या वर्षी, आणि ते साठवायला पलीकडे धरण रिकामं असायला हवं. त्याच आठवड्यात पलीकडेही अतिवृष्टी चालू असेल तर? २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातही पूर होता आणि सीनेलाही. योजना पूर्ण मोडीत काढा असं मी म्हणत नाही, पण तिचा फायदा सरासरी पुराच्या पाण्यावर मोजू नका, कोरड्यातल्या कोरड्या दहा वर्षांत ती किती पाणी देईल ते सांगा, आणि त्या पैशात माण-खटावमधली जमीन मुरवायची, शेततळी आणि पाझर वाढवायची, ऊस ठिबकवर आणायची किती कामं होतील तेही शेजारच्या रकान्यात लिहा.

यावर शहाणी माणसं एक आक्षेप घेतात आणि तो बरोबर आहे, की हवामानाची मॉडेल्स घाटाच्या पावसाबद्दल एकमताने बोलत नाहीत, मग अनिश्चित आकड्यांवर राज्यांमधलं वाटप कसं करायचं, कायद्याला एक पक्का आकडा लागतो. मला वाटतं पक्का आकडा ठेवावा, पण त्याला मुदत असावी. हवामान खातं दर दहा वर्षांनी आपली 'सरासरी' बदलतं. मोसमी पावसाची देशाची सरासरी ८८० मिमीवरून ८६८ वर आणली, कुणी कोर्टात गेलं नाही. कृष्णेच्या बाबतीत मात्र ब्रिजेश कुमार लवादाने ३१ मे २०५० आधी फेरआढावा नाही असं लिहून ठेवलंय. म्हणजे २००८ पर्यंतच्या पावसावर २०५० पर्यंत चालायचं. मधल्या काळात २०१५ चा दुष्काळ, २०१९, २०२१, २०२३, २०२५ एवढं सगळं होऊन गेलं आणि त्यातलं काहीच त्या सिरीजमध्ये नाही.

हे बदलायला लवाद उठायची वाट बघायची गरज नाही. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र या चौघांनी १९६१ पासून आजपर्यंतची सिरीज एकत्र बसून पुन्हा काढावी, वर्षाची एकच बेरीज न काढता महिन्या-महिन्याची, घाटमाथा आणि पर्जन्यछाया वेगवेगळी, सगळ्यात लांब खंड किती दिवसांचा आणि सगळ्यात मोठे तीन दिवस किती मिमीचे हे दोन रकाने घालून. आपल्या राज्यात महसूल मंडळनिहाय महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, २४ तासांत ६५ मिमी ओलांडला की अतिवृष्टी धरायची हे ती सांगतात, मग एकवीस दिवस पाऊस नाही हेही त्याच केंद्रांवरून सांगता येतं आणि त्यावर मदत ठरवता येते. आकडे कुठल्याही शाळकरी पोराला उघडून बघता येतील असे, खोऱ्याप्रमाणे मांडून, रोजच्या रोज. आणि जून उजाडायच्या आत कोयना, वारणा, राधानगरी, उजनी यांची त्या वर्षाची परिचालन सूची सांगली, कोल्हापूर, पंढरपूर आणि जत, चारही ठिकाणी मराठीत लावावी, म्हणजे पाणी सोडलं तर का सोडलं आणि धरून ठेवलं तर कुणासाठी, हे ज्याला बुडायचंय आणि ज्याला तहानेने तडफडायचंय त्या दोघांनाही आधी वाचता येईल आणि त्यावर त्यांना बोलता येईल.